७०० मेगाहर्ट्झची रिकामी गेलेली सहा वर्षे

भोर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात मोबाइलची जागा ठरलेली होती: ओसरीवरच्या खिडकीचा कोनाडा. तिथे रेंज यायची. पलीकडे माजघरात, जाड दगडी भिंतींच्या आत, ती पार नाहीशी व्हायची. श्रावणातल्या झडीत अंगावर पदर लपेटून, फोन कानाशी घट्ट धरून ओसरीच्या कडेला उभी असलेली आई मला अजून दिसते. भिंतीपलीकडे रेंज का जात नाही, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. पण ज्या लहरी ती भिंत बऱ्याच अंशी ओलांडू शकतात, त्या देशाकडे असूनही सहा वर्षे कोणालाच का वापरता आल्या नाहीत, याचे उत्तर लिलावाच्या अर्थशास्त्रात आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते.

मोबाइल ज्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतो, त्या स्पेक्ट्रमला वर्तमानपत्रांत ‘ध्वनिलहरी’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यात ध्वनीचा काही संबंध नाही, म्हणून मी रेडिओलहरी म्हणतो. या लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या लांब जातात आणि झाडे, भिंती, डोंगरउतार यांना कमी अडतात. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक टॉवर जेवढा मुलूख सांभाळतो, तेवढ्यासाठी २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कितीतरी जास्त टॉवर लागतात. विरळ वस्तीच्या खोऱ्यात हा फरक निर्णायक ठरतो, कारण तिथे एका टॉवरचा खर्च भरून निघेल इतके ग्राहकच नसतात.

ऑक्टोबर २०१६च्या लिलावात सरकारने हा पट्टा प्रथमच विक्रीला काढला. दूरसंचार नियामक ट्रायने त्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली स्वीकारली जात नाही ती किंमत, १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या सुमारे चौपट सुचवली होती: देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. टॉवर कमी लागतात, म्हणजे कंपनीचा खर्च वाचतो, म्हणून त्या बचतीचा वाटा सरकारला मिळावा, असा तो हिशेब होता. ५ मेगाहर्ट्झचा एक तुकडा देशभर घ्यायचा झाला, तर कमीत कमी ५७,४२५ कोटी मोजावे लागणार होते. एकही बोली आली नाही. मार्च २०२१मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली, तरीही कोणी पुढे आले नाही. अखेर २०२२मध्ये ती ३,९२७ कोटींवर उतरली, तेव्हा जिओने देशाच्या सर्व २२ दूरसंचार परिमंडळांत १० मेगाहर्ट्झ घेतले, म्हणजे राखीव किमतीनेच सुमारे ३९,२७० कोटींचा व्यवहार झाला.

किंमत अशी चढी ठेवण्यामागे भीती होती आणि त्या भीतीला इतिहास आहे. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले होते. तरीही जानेवारी २००८मध्ये ‘जो आधी येईल त्याला आधी’ या पद्धतीने, २००१चाच दर धरून, म्हणजे देशभरासाठी १,६५८ कोटींत, परवाने वाटले गेले. महालेखापरीक्षकांनी २०१०च्या अहवालात त्यातून झालेला संभाव्य तोटा १.७६ लाख कोटींपर्यंत मांडला आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. हा निकाल योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यानंतर फायलीवर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की स्वस्तात विकले तर चौकशी मागे लागते, आणि अजिबात विकलेच नाही तर कोणी विचारत नाही.

न विकण्याचा तोटा कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही, आणि माझे सगळे म्हणणे याच एका मुद्द्याभोवती आहे. जमीन पडीक राहिली तरी पुढच्या वर्षी तिथेच असते. कोळसा खाणीतच राहिला तर नातवंडांच्या उपयोगी पडतो. रेडिओलहरींचे तसे नाही. डेपोतून सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट जशी नंतर विकता येत नाही, तशी आज न वापरलेली लहर उद्यासाठी साठवता येत नाही. २०१६ ते २०२२ या काळात या पट्ट्यातून जी संभाषणे झाली नाहीत, जे पैसे फोनवरून पाठवता आले नाहीत, २०२०च्या टाळेबंदीत गच्चीवर आणि टेकाडावर बसून मुलांना जे शिकावे लागले, ते नंतर कोणत्याही लिलावाने भरून निघण्यासारखे नाही.

बाजाराला भाव ठरवू दिला तर काय होते, हे आपण २०१०मध्ये पाहिले होते. थ्री-जीच्या लिलावात मुंबई परिमंडळाची राखीव किंमत फक्त ३२० कोटी होती. ९ एप्रिलपासून ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या बोली चालली आणि मुंबईचा भाव ३,२४७ कोटींवर जाऊन थांबला. मुंबई वगळून गोव्यासह उरलेल्या महाराष्ट्राचा १,२५८ कोटींच्या आसपास. दर फेरीत मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असली की भाव एक पायरी चढतो, आणि कोण कुठवर टिकते ते उघड होत जाते. राखीव किंमत कमी होती म्हणून सरकारचे काहीच गेले नाही. पुढे मात्र याच चढ्या भावांवरून नवी राखीव किंमत बेतली गेली आणि नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबई व दिल्लीत १८०० मेगाहर्ट्झला एकही बोली आली नाही. २८,००० कोटींची अपेक्षा होती, आले ९,४०७ कोटी. फेब्रुवारी २०१४मध्ये किंमत बरीच उतरवल्यावर ६१,१६२ कोटी जमा झाले, अर्थात तेव्हा जुने परवाने संपत आल्यामुळे काही कंपन्यांना बोली लावणे भागच होते, हेही नोंदवले पाहिजे.

राखीव किंमत नकोच, असे मी म्हणत नाही. बोली लावणारे तीन-चारच उरले की आपसात समजूत करून भाव पाडणे सोपे जाते, आणि त्याला बांध हवाच. पण तो बांध बाजारभावाच्या अंदाजाच्या बराच खाली असावा. शिवाय पट्टा विकला न जाण्याचे एकमेव कारण किंमतच असते असेही नाही. २०२२मध्ये ६०० मेगाहर्ट्झला कोणी हात लावला नाही, कारण त्यावर चालणारी उपकरणेच फारशी नव्हती.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा माजघरात देवापुढे बसल्या जागी फोन वाजला. फोनच्या चाचणीच्या पडद्यावर पट्टा ‘एन २८’ दिसत होता. ७०० मेगाहर्ट्झचे हेच तांत्रिक नाव. आई म्हणाली, “टॉवर नवा घातला वाटतं.” टॉवर तोच होता.

दूरसंचार विभागाकडे माझी मागणी साधी आहे. राखीव किमतीची शिफारस ज्या कागदावर येते, त्याच कागदावर दुसरा एक आकडाही असावा: हा पट्टा या किमतीला विकला गेला नाही, तर दर वर्षी देशाचे किती नुकसान होईल. तो आकडा मांडणाऱ्याचे नाव आणि पद, दोन्ही त्याखाली असावे.