शून्यं मोजून देश निवडू नका : लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया

लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया असे तीन शेजारी देश एका दमात करून आलो, बहुतेक रेल्वे आणि बसने. जायच्या आधी डोक्यात एकच प्रश्न होता, आपल्याकडचे पैसे सगळ्यात जास्त कुठे पुरतात, आणि तिन्ही देश एकमेकांना लागून असल्यामुळे तुलना आपोआपच होत गेली. उत्तर आधीच सांगून टाकतो. व्हिएतनाम पहिला, लाओस दुसरा, आणि कंबोडिया, जिथलं दरडोई उत्पन्न व्हिएतनामपेक्षा कमी आहे, तो सगळ्यात महाग पडला. का ते लिहितोय, कारण हेच गणित तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही देशाला लावून बघता येईल.

आधी शून्यांचं भूत उतरवू. एका डॉलरला साधारण २५-२६ हजार व्हिएतनामी दोंग, लाओसचे २१-२२ हजार किप आणि कंबोडियाचे ४ हजारच्या आसपास रिएल मिळतात. आपलं चलन कुठलंही असो, हातात लाखांच्या नोटा येतात आणि माणूस उगाच खूश होतो. पण नोटेवरची शून्यं म्हणजे त्या देशाच्या जुन्या महागाईचा इतिहास, आजच्या भावाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. तुर्कस्तानने २००५ मध्ये लिरावरची सहा शून्यं काढून टाकली, दहा लाख जुने लिरा म्हणजे एक नवा लिरा, त्याने कुणाचाही प्रवास स्वस्त किंवा महाग झाला नाही. बघायचं ते हे की आपला एक दिवसाचा खर्च, म्हणजे खोली, दोन वेळचं जेवण, रिक्षा-बस आणि तिकिटं, हा तिथल्या माणसाच्या पगारावर ठरलेला आहे की डॉलरवर. खोली झाडणारा, नूडल्स उकळणारी, बस चालवणारा यांच्या मजुरीतून जे तयार होतं ते स्वस्त मिळतं. सनस्क्रीन, कॅमेऱ्याची बॅटरी, विमानाचं तिकीट हे जगात सगळीकडे जवळपास त्याच भावात, कधीकधी गरीब देशात जास्तच.

लाओसमध्ये हे सगळ्यात उघडं दिसतं. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ११ हजारांच्या आसपास किप मिळायचे, दोन वर्षांत ते जवळपास दुप्पट झाले. कर्ज, परकीय चलनाचा खडखडाट, पेट्रोल पंपांवर रांगा, सगळं झालं त्या काळात. आता कागदावर बघितलं तर आपल्यासाठी देश अर्ध्या किमतीत यायला हवा ना? नाही आला. लाओसला समुद्र नाही, रोजच्या वापराच्या कितीतरी वस्तू थायलंडमधून येतात, त्यामुळे किप पडला तसे दुकानातले भाव चढत गेले. स्वस्त काय राहिलं तर घरगुती गेस्टहाऊस, बाजारातला चिकट भात आणि भाजलेले मासे, भाड्याची सायकल. महाग काय झालं तर टूर कंपन्यांचं सगळं, कारण ते डॉलर नाहीतर थाई बाटमध्ये भाव सांगतात. म्हणून पहिला सल्ला, लाओसमध्ये भाव विचारताना किपमध्येच विचारा. ज्याने किपमध्ये पटकन सांगितला तो स्थानिक गिऱ्हाईकांनाही विकतो, ज्याने आधी डॉलर सांगून मग कॅल्क्युलेटर काढला त्याच्याकडे तुमचा फायदा संपला.

राजधानी व्हिएन्टिएन ते लुआंग प्राबांग रेल्वेनेच जा. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपर्यंत जाणारी ही लाइन सुरू झाली आणि आधी डोंगरातून दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत जायचो ते अंतर आता दोन तासांच्या आसपास. तिकिटं थोडेच दिवस आधी उघडतात आणि पटकन जातात, एजंट वरती पैसे लावून विकतात, तर आधी अ‍ॅपवर प्रयत्न करा. स्टेशनं गावाबाहेर लांब आहेत, शेअर व्हॅनचे पैसे हिशेबात धरा. आणि बॅगेत डिओ, मच्छरांचा स्प्रे, चाकू असलं काही ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि जंगल जाळतात त्याचा धूर लुआंग प्राबांगवर बसलेला असतो, खोल्या स्वस्त मिळतील पण डोंगर दिसणार नाहीत. निघायच्या आधी सगळे किप संपवा, देशाबाहेर त्यांना कुणी विचारत नाही.

व्हिएतनाम आवडायचं कारण वेगळं आहे. तिथे चलन कोसळलंय म्हणून स्वस्त नाही, दोंग डॉलरच्या मागे मागे सावकाश सरकतो एवढंच. स्वस्त आहे कारण तांदूळ, भाज्या, मासे, कॉफी, कपडे सगळं तिथेच पिकतं आणि बनतं, आणि शिवाय देशातल्या देशात फिरणारे व्हिएतनामी लोक एवढे आहेत की हॉटेलं, रेल्वे, बस सगळं त्यांच्या खिशाला परवडेल अशा भावात उभं राहिलंय. माझ्या मते देश निवडताना ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. जिथे तिथलेच लोक सुट्टीवर निघतात तिथे आपण त्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं. जिथे फक्त परदेशी पाहुणे आहेत तिथे भावही परदेशी.

हनोईच्या जुन्या भागात सकाळी फुटपाथवर बुटक्या प्लास्टिक स्टुलांवर बसून फो (नूडल सूप) खायचा, तिथे भाव भिंतीवर लिहिलेला असतो. "५०" किंवा "५० के". म्हणजे ५० हजार, शेवटची तीन शून्यं कुणी बोलतच नाही. सुरुवातीला गडबड होते कारण नोटा रंगाने फसवतात. २० हजारांची निळी आणि ५ लाखांची पण निळी, १० हजारांची आणि २ लाखांची दोन्ही तांबूस-तपकिरी, सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा आणि सगळ्या प्लास्टिकच्या, एकमेकांना चिकटतात. अंधारात टॅक्सीत बसून २० ऐवजी ५ लाख दिले तर फरक पंचवीसपट. मी काय करायचो, मोठ्या नोटा पासपोर्टच्या पाऊचमध्ये आणि एक लाखापर्यंतच्या खिशात, दोन्हींची गाठच पडू द्यायची नाही. एक गंमत म्हणजे २० हजारांच्या नोटेच्या मागे होई आनचा जपानी पूल छापलाय, तोच पूल बघायला होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट परदेशी माणसाला १ लाख २० हजार, म्हणजे पूल छापलेल्या सहा नोटा द्या आणि खरा बघा. स्थानिकांना तेच ८० हजार. हा असा दुहेरी भाव सरकारी तिकिटांवर खूप ठिकाणी असतो, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, फक्त बजेट करताना स्थानिकांचा आकडा धरू नका.

पैसे बदलायचं बोलू. व्हिएतनाममध्ये व्यवहार दोंगमध्येच व्हावा असा कायदा आहे आणि सोनारांच्या दुकानात दर चांगला मिळतो म्हणून सगळे तिकडे जातात, पण परवाना नसलेल्या दुकानात बदलणं बेकायदा आहे. २०१८ मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने सोनाराकडे १०० डॉलर बदलले म्हणून त्याला ९ कोटी दोंगचा दंड ठोकला होता, डॉलरमध्ये धरला तर जवळपास चार हजारांचा, पुढे बोंबाबोंब झाल्यावर माफ केला ती गोष्ट वेगळी. बँकेत बदला किंवा एटीएम वापरा. एटीएमवर एका वेळी बऱ्याचदा २० ते ५० लाख दोंगच निघतात आणि दर वेळी वेगळी फी लागते, तर जिथे जास्तीत जास्त निघतात ते मशीन शोधा आणि एकदाच काढा. आणि स्क्रीनवर विचारलं की "तुमच्या चलनात रक्कम कापू का", तर नाही म्हणा, कायम नाही म्हणा. हो म्हटलं की दर मशीनवाला लावतो आणि तो आपल्या कार्डाच्या दरापेक्षा वाईट असतो, हॉटेलच्या कार्ड मशीनवर पण हाच खेळ. स्वस्त देश शोधायला लोक रात्र रात्र जागतात आणि मग हे असे टक्के सगळ्या प्रवासभर देत बसतात.

व्हिसा : ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट्स भरपूर आहेत, फी याच्यापेक्षा जास्त दिसली की बंद करा.

हनोई-सायगॉन (हो ची मिन्ह सिटी) रेल्वे १७२६ किलोमीटर आहे, एका बैठकीत करायची गरज नाही. पण ह्युए ते दा नांग हा तुकडा मात्र दिवसा रेल्वेनेच करा, हाय वान घाटात गाडी समुद्राला चिकटून वळणं घेत हळूहळू जाते, खाली दगडांवर लाटा फुटताना दिसतात आणि गाडीतले निम्मे लोक उठून एका बाजूच्या खिडक्यांवर गोळा होतात. दक्षिणेकडे जात असाल तर डावीकडची सीट घ्या. साध्या सीटचं तिकीट इतकं कमी आहे की याच घाटाच्या टॅक्सी टूरची जाहिरात बघून हसू येतं. सप्टेंबर ते डिसेंबर मधल्या पट्ट्यात पाऊस, होई आनमध्ये तर रस्त्यावर होड्या चालतात कधीकधी. तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य यात कधीतरी येतं, त्या आठवड्यात जाऊ नका, गाड्या फुल, दुकानं बंद आणि जे उघडं असेल ते दीडपट.

सायगॉनहून बसने मोक बाई सीमा ओलांडून कंबोडिया. आणि इथे एकदम सगळं डॉलरमध्ये. व्हिसा ३० डॉलर, खोली डॉलरमध्ये, टुकटुक डॉलरमध्ये, मेनूकार्ड डॉलरमध्ये. त्यांचं स्वतःचं चलन रिएल आहे पण पर्यटकांच्या बाजारात ते सुट्ट्या पैशांसारखं चालतं, सेंटची नाणी वापरातच नाहीत, त्यामुळे अर्धा डॉलर परत द्यायचा तर २ हजार रिएल हातात ठेवतात. याचा अर्थ असा की तिथे आपलं चलन रिएलसमोर किती मजबूत आहे हा प्रश्नच उरत नाही, ते डॉलरसमोर जेवढं असेल तेवढंच. घरचं चलन डॉलरपुढे घसरलं की कंबोडियाचा प्रवास त्याच दिवशी तेवढा महाग. शिवाय डॉलरमध्ये भाव लावला की माणूस पूर्णांकात लावतो, एक, दोन, पाच. व्हिएतनाममध्ये जी कॉफी १५-२० हजार दोंगला मिळते, म्हणजे एका डॉलरच्याही आत, ती इथे सरळ दीड-दोन डॉलर होते. बाजारात, जिथे स्थानिक खमेर बायका भाजी घेत असतात, तिथे मात्र रिएलमध्ये भाव असतो आणि तिथलं जेवण खरंच स्वस्त, एवढी एकच फट आहे, तिच्यात शिरा.

डॉलर नेताना कोऱ्या नोटा न्या. जराशी फाटलेली, शाई लागलेली, दुमडून चिरलेली नोट कुणी घेत नाही. आणि तुम्हाला कुणी तशी परत दिली तर तिथल्या तिथे बदलून मागा, नंतर ती तुमच्याच गळ्यात.

सिएम रिआपजवळच्या अंकोरच्या जुन्या देवळांचा पास १ दिवसाचा ३७, ३ दिवसांचा ६२ आणि ७ दिवसांचा ७२ डॉलर, २०१७ पासून. त्याआधी एक दिवसाचा २० होता. म्हणजे एका तिकिटात कंबोडियाचा अख्ख्या दिवसाचा स्वस्तपणा खलास. पण बघाच, यावर कंजुषी करू नका, बाकी कशावरही करा. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. दुसऱ्या दिवसाचा पास आदल्या संध्याकाळी पाचनंतर घेतला तर त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात, ते फुकटात.

आता या तिघांच्या पलीकडे. हेच गाळणं बाकी देशांना लावा. तुर्कस्तानात लिरा सारखा पडतो म्हणून लोक धावतात, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती, आणि जानेवारी २०२४ पासून इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीचं परदेशी पर्यटकांचं तिकीट २५ युरो आहे. पडणाऱ्या चलनाचा फायदा भाव पकडेपर्यंतचाच, पुढे तो गायब. जपान बरोब्बर उलटं, महाग म्हणून बदनाम, पण २०२४ मध्ये येन डॉलरला १६१ च्या पलीकडे गेला, १९८६ नंतर पहिल्यांदाच, आणि भाव त्या मानाने फार हलले नाहीत, म्हणून डॉलर कमावणाऱ्यांनी तिथे गर्दी केली. द इकॉनॉमिस्ट मासिक... साप्ताहिक आहे ते, १९८६ पासून बर्गरच्या किमतीवरून बिग मॅक इंडेक्स काढतं, तो पटकन अंदाजाला ठीक आहे, पण प्रवाशाने त्यावर सगळं ठरवू नये, बर्गर कमी आणि खोलीभाडं जास्त द्यायचं असतं आपल्याला. मी ठरवताना तीनच गोष्टी बघतो, तिथल्या लोकांच्या मधल्या दर्जाच्या हॉटेलचा भाव, चार-पाच तासांच्या बसचं तिकीट, आणि ज्यासाठी जातोय त्या मुख्य ठिकाणाची एंट्री फी कुठल्या चलनात आहे. आणि विमानभाडं दिवसांनी भागून बघा, लांबचा स्वस्त देश चार दिवसांसाठी कधीच स्वस्त नसतो.

परतीचं विमान सिएम रिआपवरून असेल तर एक लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२३ पासून नवीन विमानतळ आहे आणि तो गावापासून ४०-५० किलोमीटर लांब. जुन्या ब्लॉगांत लिहिलेलं टुकटुकने पंधरा मिनिटांत पोचतो वगैरे आता चालत नाही. आदल्या दिवशीच शटल बसची सीट घ्या, पहाटेच्या टॅक्सीला ते डॉलरमध्ये भाव सांगतात आणि तेव्हा घासाघीस करायला तुमच्याकडे वेळ नसतो.