दिवा मंगळवारी मिळेल

जर्मनीत खोली भाड्यानं मिळाली म्हणजे चार भिंती, एक खिडकी आणि एक हीटर मिळाला. बाकी सगळं ज्याचं त्यानं आणायचं आणि जाताना उचलून न्यायचं, अशी इथली रीत. लोक पडदे नेतात, कपाटं नेतात, काही घरांतून तर सिंकसकट अख्खं स्वयंपाकघर उपसून नेतात. हे सगळं मी सोलापुरात बसून वाचलेलं होतं. पण माणूस छताचा दिवासुद्धा काढून नेईल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

मी आखन शहरात पोचले ती तारीख २ ऑक्टोबर २०२२, वार रविवार. विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेजारचे काका मुंबईपासून फ्रँकफुर्टपर्यंत घोरत होते, एवढंच. फ्रँकफुर्ट विमानतळाला लागूनच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून ब्रसेल्सला जाणारी आयसीई, म्हणजे इथली वेगवान गाडी, मिळाली तर ती आखनला थांबते. सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही, त्यामुळे दोन पैसे जास्त गेले तरी हीच गाडी घ्या. बाकी पैशांच्या बाबतीत माझं नशीब थोरच. त्या वर्षी जून ते ऑगस्ट महिन्याला ९ युरोत देशभरातल्या लोकल गाड्या आणि बसमधून कुठेही फिरता येत होतं. ऑगस्ट संपला, योजना संपली. ४९ युरोचं तिकीट आलं ते पुढच्या मे महिन्यात. मी बरोब्बर मधल्या काळात टपकले.

स्टेशनवर फ्लॅटमधली मुलगी सायकल घेऊन आली होती. डब्ल्यूजी म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. त्यातली एक खोली मला मिळाली होती, तीही व्हिडिओ कॉलवर मुलाखत देऊन. तिनं माझी लहान बॅग कॅरिअरवर बांधली आणि मोठी मी ओढत निघाले. आखनच्या जुन्या भागात रस्ते दगडी. रविवारची दुपार, दुकानांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या दगडांवरून माझ्या बॅगेची चाकं खडखडखडखड. एका आजोबांनी खिडकी उघडून खाली पाहिलं आणि परत लावून घेतली. मला सोलापूरच्या नवी पेठेतला रविवार आठवला. तिथे अशी दहा माणसं बॅगा ओढत गेली तरी कोणी मान वळवणार नाही.

वाटेत एके ठिकाणी नासक्या अंड्यांचा वास आला. मला वाटलं गटार फुटलं. ती हसली आणि समोरच्या खांबांच्या मंडपाकडे बोट दाखवलं. एलिझेनब्रुनेन, १८२७ सालचं बांधकाम, आत नळातून गंधकाचं गरम पाणी वाहतं. लहानपणी आजीबरोबर गणेशपुरीच्या कुंडांवर गेले होते, डिट्टो तोच वास. आजी तिथे गुडघे शेकत बसली होती. इथे भिंतीवरच्या पाट्यांवर पाणी घ्यायला आलेल्या बड्या लोकांची नावं आहेत, रशियाचा झार पीटर द ग्रेटसुद्धा त्यात आहे. पाणी पिऊ नये अशी सूचना हल्ली लावलेली असते. पलीकडे कॅथेड्रल दिसलं, जिथे सम्राट शार्लमेनला पुरलंय आणि जे १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी ते पाहिलंच नाही. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडलं. लाकडी जमीन, कोपऱ्यात आधीच्या मुलानं मेहेरबानी करून सोडलेली गादी, आणि छताच्या मधोमध लोंबणाऱ्या तीन वायरी. टोकाला छोटासा पांढरा कनेक्टर. बटण होतं, दाबलंही. काय होणार?

"दिवा?" मी विचारलं.

"तो त्याचा होता. घेऊन गेला."

"मग मी एक घेऊन येते. जवळ दुकान कुठे आहे?"

"आज रविवार आहे."

"बरं, उद्या."

"उद्या ३ ऑक्टोबर. जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, सुट्टी." ती जरा थांबून म्हणाली, "दिवा मंगळवारी मिळेल."

इतक्या शांतपणे म्हणाली की मला भांडायलाही जागा राहिली नाही. भांडणार तरी कोणाशी? रविवार विश्रांतीचा, हे इथे राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनं जसंच्या तसं ठेवलंय. पेट्रोल पंप, स्टेशनातली दुकानं, सकाळी काही तास बेकऱ्या, एवढ्यांना सूट. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आता मला यातलं शहाणपण थोडंफार पटतं. त्या दिवशी वाटत होतं, एका बल्बसाठी एवढा मोठा देश बंद?

जेवणाचं मात्र निभावलं. पाँटश्ट्रासेवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाण्यापिण्याच्या गल्लीत, सगळं उघडं असतं. तिथल्या तुर्की दुकानात फलाफल घेतलं. मी नवीन आहे हे त्या मालकानं कसं ओळखलं कोण जाणे, त्यानं काचेच्या छोट्या पेल्यात चहा आणून ठेवला, साखरेच्या दोन वड्यांसकट, आणि पैसे घेतले नाहीत. दूध नव्हतं त्यात. तरी प्यायले आणि डोळे भरून आले. झोप झाली नव्हती, दुसरं काही नाही.

साडेसातपर्यंत अंधार पडला. स्वयंपाकघरात दिवा होता, पण तिथे किती वेळ बसणार? खोलीत आले, मोबाइलच्या उजेडात चादर काढली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. नवरात्रातली सातवी माळ, आमच्याकडे घट बसलेले, आई अजून जागी.

"अगं, तू दिसेनास. लाइट लाव ना."

"लाइट नाहीये आई."

"गेलेत? जर्मनीत?"

तिला समजावून सांगता सांगता मला हसू यायला लागलं. तिला आलं नाही. "इथे देवापुढे नऊ दिवस दिवा विझू देत नाही मी, आणि तू तिकडे अंधारात बसलीयेस?" फोनमध्ये मागे समईची ज्योत दिसत होती. बाबा म्हणाले, सुटकेसमध्ये टॉर्च ठेवायला सांगितला होता. बाबांचं नेहमीचंच.

बोलणं बहुतेक बाहेर ऐकू गेलं. फोन ठेवला तर दारात ती उभी, हातात सायकलचा पुढचा दिवा. हँडलवरून काढून आणला होता. तिनं तो खिडकीच्या मुठीला रबरानं अडकवला आणि तोंड छताकडे केलं. अख्खी खोली पांढरी झाली, त्या तीन वायरींच्या सावल्यांसकट. "रात्री सायकलवर जायचं असेल तर मागून घेईन, त्याशिवाय पोलीस दंड करतात," एवढं बोलून गेली. दार लावता लावता वळून म्हणाली, "आणि हीटर आत्ताच लावू नकोस हं, गॅस फार महाग झालाय." त्या हिवाळ्यात सगळा देश हेच म्हणत होता.

सोमवार झोपेत गेला.

मंगळवारी हार्डवेअरच्या भल्यामोठ्या दुकानातला सगळ्यात स्वस्त दिवा घेतला. रुपयांत हिशोब केला तर हजाराच्या घरात. खोक्यात दिवा, स्क्रू आणि चित्रांचा कागद. लावून द्यायला कोणी येत नाही आणि इलेक्ट्रिशियन बोलवायचा तर त्याच्या बिलात अजून चार-पाच दिवे येतील. ती म्हणाली, "तू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेस ना?" आणि टेस्टर माझ्या हातात दिला. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला कोणी शिडीवर चढवलं नव्हतं. मेन बंद केला आणि चढले. छताला नवीन भोक पाडायला लागणार होतं, म्हणून तिनं ड्रिल आणलं, प्लग लावला, आणि घड्याळ पाहून खाली ठेवलं. सव्वा वाजला होता. जिन्यातल्या नियमावलीप्रमाणे एक ते तीन आवाज बंद.

मग मेन परत चालू करून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी काढली. तिनं भाकरी मोडून पाहिली, ती महिनाभर टिकते यावर विश्वास ठेवायला तयार होईना. चटणी खाऊन आधी पाणी प्यायली, मग अजून घेतली. तीनला पाच मिनिटं कमी असताना ती उठली, मेन बंद केला, चष्मा चढवला, मेन बंद म्हणून बॅटरीवालं दुसरं ड्रिल शेजाऱ्याकडून मागून आणलं, शिडीवर चढली आणि हात वर धरून उभी राहिली. ड्रिलचं बटण दाबलं ते तीनलाच.