मंगळवारी सोडून दिलेला वीतभर पाइप

ताडोबा मंगळवारी बंद असतं हे पर्यटकांना बुकिंग करताना कळतं, आम्हाला गॅरेजच्या दारात कळतं. सकाळी सातलाच सफारीच्या जिप्सींची लाईन. मोहर्ली, जुनोना, आगरझरी, या गेटांवरच्या, सगळ्या उघड्या, सगळ्यांच्या सीटवर बोटभर धूळ, आणि सगळ्यांना बुधवारी पहाटे गेटवर उभं राहायचं असतं. म्हणजे जे काय करायचं ते आजच. माझं गॅरेज चंद्रपुरात आहे, बारा वर्षं झाली मी जिप्सीच करून राहिलो, बाकी गाड्या आल्या तर घेतो पण मन लागत नाही.

ही गोष्ट मागच्या मे मधली. चंद्रपूरचा मे बाहेरच्याला सांगून समजत नाही. पेपरात 46 डिग्री येतं, गॅरेजच्या पत्र्याखाली किती असतं ते कोणी मोजत नाही. पाना उन्हात राहिला तर फडक्यानं उचलावा लागतो.

तर त्या मंगळवारी मोहर्लीचे एक काका गाडी घेऊन आले. 2009 ची जिप्सी, 1298 सीसी, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन वाली, दिल्लीकडची सेकंड हँड आणलेली, लोन अजून चालू. तक्रार काय तर सकाळी स्टार्ट केली की चिरकते आणि दुपारच्या फेरीत टेंपरेचरचा काटा चढतो. काकांनी उपाय पण सोबतच आणला होता, "फॅन बेल्ट टाकून दे बापा, बाकी कशाले हात लावू नको, सीझन संपू दे मंग पाहू."

बॉनेट उघडलं. बेल्टच्या दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत, खालच्या बाजूला आडव्या चिरा, आणि त्यावर पांढरं काहीतरी. विचारलं तर ड्रायव्हर पोरगा हसायला लागला, आवाज बंद व्हावा म्हणून त्यानं साबण घासला होता. हे सगळेच करतात. दोन दिवस आवाज बंद होतो आणि बेल्ट अजून घसरायला लागतो. व्ही बेल्ट हा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी चावून बसतो, त्याच्या बुडाचं काही काम नसतं. कडा झिजल्या की तो खाचेत खाली उतरतो, बूड पुलीला टेकतं आणि मग तो फिरत नाही, नुसता लोळतो. काकांचा टेकलेलाच होता.

आणि जंगलातल्या गाडीला हे जास्त लागतं. हायवेवर बेल्ट थोडा घसरला तरी समोरून वारा येतो, रेडिएटर थंड होतो. ताडोब्यात 20 च्या वर स्पीड न्यायची नाही, मागे सहा पर्यटक आणि गाइड, गाडी फर्स्ट-सेकंडमध्ये रांगते, वारा नावाला नाही. पंखा जेवढा ओढेल तेवढीच हवा. जिप्सीत तोच एक बेल्ट पंखा फिरवतो, तोच वॉटर पंप, तोच अल्टरनेटर. वरून वाघ दिसला की इंजिन बंद. बंद केलं की पंप थांबला, पंखा थांबला, पण लोखंडातली गर्मी कुठं जाणार? ती आतल्या पाण्यातच उतरते, म्हणून बंद गाडीचं टेंपरेचर पहिली काही मिनिटं उलटं वाढतं. पर्यटक फोटो काढण्यात दंग आणि बॉनेटखाली होसची, म्हणजे पाण्याच्या रबरी पाइपांची, परीक्षा चालू.

बेल्ट काढायला वेळ लागत नाही. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करायचे, 12 नंबर पाना, अल्टरनेटर इंजिनकडे ढकलायचा, बेल्ट पंख्याच्या एकेका पात्यावरून सोडवत काढायचा. नवीन टाकला, टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ताणला, मधोमध अंगठ्यानं दाबून पाहिला. 6 ते 9 एमएम दबला पाहिजे. काही लोक तारेसारखा ताणतात, मग पंपाचं बेअरिंग जातं आणि पंप काढायचा म्हणजे टायमिंगचं कव्हर उघडा, टायमिंग बेल्ट काढा, अख्खा दिवस गेला.

आता बॉनेट उघडंच होतं तर मी वरचा होस दाबून पाहिला. मधे ठीक, पण रेडिएटरच्या तोंडापाशी क्लिपच्या मागे बोट दाबलं तर शिळ्या भाकरीसारखा आतून कचकच आवाज. खालचा त्याच्या उलट, पार लोळागोळा, तेल पिऊन फुगलेला. खालच्या बाजूनं पंप पाणी ओढतो, तिथला होस नरम झाला की रेस दिल्यावर तो चपटा होऊन बसतो आणि पाण्याचा रस्ताच बंद. काकांना हात लावून दाखवला. ते कुरकुरले पण हो म्हणाले. दोन्ही बदलले, चारही क्लिपा नवीन घेतल्या. रेडिएटरचं ढाकण पाहिलं तर त्याचं रबर गेलेलं, ते पण नवीन टाकलं. 0.9 प्रेशरचं असतं. प्रेशर धरलं की पाणी शंभरला उकळत नाही, 118 च्या आसपास उकळतं, तेवढंच आपल्या हातात.

आणि इथंच मी माती खाल्ली.

या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली, पाण्याच्या लोखंडी नळीवर एक वीतभर होस असतो. वरून दिसत नाही. हात घालायचा तर मनगट खरचटतं. मी दोन बोटं घातली, दाबला, कडक लागला, म्हटलं चांगला आहे. इंजिन थंड, मागे चार गाड्या उभ्या, संध्याकाळचे सहा वाजलेले, दुपारपासून पोटात चहा सोडून काही नाही. कूलंट भरलं, काका गेले.

बुधवारी फोन नाही. आमच्यात फोन नाही म्हणजे गाडी चांगली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ड्रायव्हरचा फोन. कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळं फोन आला म्हणजे तो बाहेर आला एवढं कळलं. "भाऊ, गाडी दुसऱ्या जिप्सीनं ओढून आणली. पाणी पुरं गेलं. काका लै तापून राहिले."

"काऊन बे, काटा नाही पाह्यला का?"

"पाह्यला ना भाऊ! वर गेला होता, मंग एकदम खाली आला. मले वाटलं थंडी झाली."

माझ्या पोटात गोळा आला. काटा वर जाऊन आपोआप खाली येणं यासारखी वाईट गोष्ट नाही. सेन्सर पाण्याचं टेंपरेचर सांगतो, पाणीच नसलं तर तो काय सांगणार, वाफ आणि हवेत लटकलेला असतो, काटा पडतो. ड्रायव्हर खूश आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, भाजत असतं. विचारलं, त्याच्यानंतर किती चालवली? म्हणाला नाही चालवली, गाइडले गोड-गोड वास आला, त्यानं थांबवली. कूलंटचा वास. त्या गाइडला मी नंतर भेटलो तेव्हा पाया पडायचा बाकी होतो.

वाटेत पार्ट्सच्या दुकानात गेलो तर तो होस नाही. आपल्यासारख्यांसाठी जिप्सी 2019 ला बंद झाली, तेव्हापासून मोठे पार्ट येतात पण असे बारके तुकडे मिळायला वांधे. दुकानदार म्हणाला नागपूरहून परवा येईल. मला आज तीनच्या आत पाहिजे होतं, दुपारच्या फेरीला तीच गाडी लागली होती. मीटरवर मिळतो तो सरळ हीटर होस घेतला, त्याच मापाचा, आतून धाग्याची विण असलेला, आणि चार क्लिपा. सरळ होस वाकवला की मधे मोडतो आणि पाणी अडतं, हे माहीत होतं, म्हणून फूटभर जास्तच घेतला.

चंद्रपूर ते मोहर्ली तीसेक किलोमीटर असेल. पद्मापूरच्या पुढं जंगल लागतं तरी लू काही कमी होत नाही. गेटजवळ गाडी कडूनिंबाखाली लावलेली, बॉनेट वर, काका बाजूला टोपीनं वारा घेत. मला पाहून एवढंच बोलले, "बेल्टच टाक म्हटलं होतं ना तुले."

आता यावर काय बोलणार. काकांचं म्हणणं होतं की तू नवीन सामान टाकलं म्हणून फुटली, आणि खरं सांगू का, ते अर्धं बरोबर होतं! जुन्या ढाकणाचं रबर गेलेलं होतं, प्रेशर धरतच नव्हतं, थोडं थोडं सोडत होतं. त्या गळक्या ढाकणाच्या जिवावर तो सडलेला होस जगत होता. मी नवीन ढाकण टाकलं, प्रेशर पूर्ण बसलं, दोन मोठे होस नवीन म्हणून त्यांनी सहन केलं, आणि जो सगळ्यात कमजोर होता तो गेला. ढाकण बदलायचं तर सगळेच होस पाहायचे हे मला माहीत होतं. चार पोरांना शिकवलं पण होतं.

आधी इंजिन थंड होऊ दिलं. काका म्हणाले पाणी टाक लवकर, मी म्हटलं काका, तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जाईल, मग सीझन विसरा. तासभर बसलो. तेवढ्यात ऑइलची पट्टी काढून पाहिली, दुधाळ चहासारखं झालं असतं तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं असं समजायचं. काळंच होतं. जीवात जीव आला.

मग होस काढला. मनगट खरचटलंच, ते मंगळवारचं व्याज. बाहेरून होस अजूनही चांगला दिसत होता, काळा, गुळगुळीत, फक्त क्लिपच्या मागे दोन इंचावर एक उभी चीर. ब्लेडनं उभा कापला आणि उघडून बोनेटवर ठेवला. आतून सगळा उभ्या बारीक चिरांनी भरलेला, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारखा, नख घातलं तर अर्ध्यापर्यंत गेलं, धागे काळे पडून कुजलेले. मला कडक लागला होता तो मजबुतीनं नाही, वाळून कडक झाला होता. असे होस आतून सडतात. इंजिनात अॅल्युमिनियम, लोखंड, पितळ सगळं एकत्र, मधे पाणी, म्हणजे बारीकशी बॅटरीच तयार होते आणि तो करंट रबराला आतून खातो, क्लिपच्या टोकांपाशी सगळ्यात जास्त. म्हणून मधे दाबून काही समजत नाही, टोकाला चिमटीत धरावं लागतं. त्यात काकांच्या गाडीत मंगळवारपर्यंत कूलंट नव्हतंच, बोअरचं पाणी. नळीच्या तोंडावर चुन्याचा थर असा बसलेला की पेचकसनं खरवडावा लागला. तो साफ नाही केला तर नवीन होसही गळतोच.

काकांनी तो कापलेला तुकडा हातात घेतला, बोटानं चिरा मोडून पाहिल्या, काही बोलले नाही. मग ड्रायव्हरला म्हणाले, "याच्यासाठी थंड पाणी घेऊन ये."

सरळ होस जसाच्या तसा बसवला तर मोडत होता, म्हणून लांब ठेवून मोठा वळसा देऊन नेला, मॅनिफोल्डला घासणार नाही अशी पट्टी मारली. दिसायला गावठी, पण वळण गोल होतं. क्लिपा लावल्या. हात घातलाच होता तर मागचे बाकी दोन बारके होस पण बदलले, आता सोडायची हिंमत नव्हती. गाडीचं तोंड चढावर केलं म्हणजे हवा वर येईल, कूलंट हळूहळू भरलं, ढाकण उघडं ठेवून स्टार्ट केली. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे आले, पाच-सात मिनिटं येत राहिले, मी श्वास धरून बसलो होतो कारण बुडबुडे थांबलेच नाहीत तर हेड गॅस्केट. थांबले. पाणी खाली बसलं, वरून भरलं, परत बसलं, परत भरलं. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट, रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, उघडला. ढाकण लावलं. अडीच वाजले होते.

तीनच्या सुमाराला गाडी सहा जणांना घेऊन आत गेली. मला परत जायचं होतं, गॅरेजला दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या, पण पाय निघेना. ड्रायव्हरला दहादा सांगितलं, काटा अर्ध्याच्या वर गेला की बंद, आणि एकदम खाली आला तरी बंद. मग गेटसमोरच्या टपरीवर बसलो. तीन चहा, एक आलूबोंडा. दर गाडी बाहेर आली की मी उभा राहायचो. टपरीवाल्यानं शेवटी विचारलंच, "घरचं कोणी गेलं का आत?"

अंधार पडायच्या आधी गाडी आली. पर्यटक कॅमेऱ्याचे स्क्रीन एकमेकांना दाखवत उतरले, वाघीण दिसली होती, पिल्लं पण, सगळे एकदम बोलत होते. पोरगा मला सांगायला आला की पाण्यावर बसली होती, अर्धा तास हललो नाही.

"इंजिन बंद केलं होतं का?"

"हो ना."

"मंग काटा?"

"थोडासा चढला, अर्ध्याच्या खालीच राहिला. चालू केल्यावर उतरला."

बॉनेट उघडलं. मोबाईलच्या उजेडात खाली पाहिलं, कोरडं. गरम झालेलं रबर बसतं आणि क्लिप ढिली होते, म्हणून पेचकस घेऊन प्रत्येक क्लिप परत आवळली. त्या वीतभर जागेतली दोन्ही पाव पाव फेरा फिरली. काकांनी होसचे आणि कूलंटचे पैसे दिले, मजुरी मी घेतली नाही, त्यांनी विचारली पण नाही. जाताना म्हणाले, माझ्या भाच्याची पण गाडी आहे, मंगळवारी पाठवतो, आणि हे घे, म्हणून तो कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, "त्याले दाखव, नाही तर तो पण बेल्टच टाक म्हणन."