पुनर्वसूची जोडी: वर्णपट, प्रयत्न तिसरा
माघ अमावास्येला पुनर्वसूचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, दोघांचे वर्णपट (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवून मिळणारी पट्टी) एकदाचे एका फ्रेममध्ये बसले. आधीचे दोन प्रयत्न सांगण्यासारखे नाहीत. एकदा फोकसच गेला, एकदा मंगल कार्यालयाचा फोकसलाइट आडवा आला.

जोडणी तीच: १०० मिमी लेन्स, तिच्यापुढे प्रकाश रंगांत फाकवणारी, मिलिमीटरला १०० रेषांची जाळी, खाली साधा ट्रायपॉड. ट्रॅकिंग नाही, आणि इथे ते नसलेलंच बरं. जाळी अशी फिरवायची की वर्णपट उत्तर-दक्षिण पसरेल. तारा पूर्व-पश्चिम सरकतो आणि धाग्याएवढ्या रेघेची आपोआप पट्टी होते. १० सेकंदांत हे तारे माझ्या सेन्सरवर सोळाएक पिक्सेल सरकतात, रेषा डोळ्यांना दिसायला तेवढी रुंदी पुरते. जाळी तिरकी बसत असेल तर आधी ३० सेकंदांचा एक फोटो काढून सरकण्याची दिशा बघून घ्या. मला हे तिसऱ्या रात्री सुचलं.

कॅस्टरच्या पट्टीत हायड्रोजनने प्रकाश शोषल्याच्या काळ्या रेषा ठसठशीत: ४८६१, ४३४०, ४१०२ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). मोजपट्टीही त्यांच्यावरूनच लावली. पोलक्समध्ये त्या जागी जेमतेम काहीतरी. उलट ५१७०च्या आसपास मॅग्नेशियमचा खड्डा, ५८९०ला सोडियम, आणि निळ्या टोकाला धातूंच्या रेषांची इतकी गिचमीड की आलेख कोसळतोच.

पोलक्सचं वस्तुमान सूर्याच्या दुपटीला थोडं कमी. म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जळत होता तेव्हा हाही कॅस्टरसारखा पांढरा, ए वर्गातला तारा असणार. गाभ्यातलं इंधन संपलं, बाहेरचे थर सूर्याच्या नऊपट त्रिज्येपर्यंत फुगले, पृष्ठभाग ४,८५० केल्विनच्या आसपास उतरला. एका फ्रेममध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो मिळाला म्हणा ना! म्हातारा म्हणतो आपण त्याला, पण वर्षं मोजली तर सूर्यच कितीतरी थोरला. जड तारे उधळे असतात.

पोलक्सच्या ग्रहाचं विचारणारच तुम्ही. त्याचं नाव थेस्तियास: गुरूच्या किमान २.३ पट, ५९० दिवसांची फेरी, २००६ मध्ये जाहीर. त्याच्या ओढीने पोलक्स सेकंदाला चाळीसेक मीटर वेगाने मागेपुढे होतो. म्हणजे ५००० अँगस्ट्रॉमची रेषा ०.०००७ अँगस्ट्रॉमने हलते. माझा एक पिक्सेल ४ अँगस्ट्रॉमचा! सहा हजारावा भाग मोजायचा, तोही गच्चीवरून. राहू द्या.

शिवाय तो आहेच असंही छातीठोक सांगता येत नाही. २०२१च्या एका शोधनिबंधात पोलक्सचं क्षीण चुंबकीय क्षेत्र सुमारे ६६० दिवसांच्या चक्राने बदलताना दिसलं. ५९०च्या इतकं जवळ, की मागेपुढे होणं ग्रहामुळे नसून ताऱ्याच्याच बदलांमुळे भासत असेल अशी शंका येते, आणि ग्रहाला ‘संभाव्य’ म्हणावं लागलं. गॅमा ड्रॅकोनिस या अशाच फुगलेल्या ताऱ्याचा ७०२ दिवसांचा ‘ग्रह’ तर २०११ ते २०१३ गायबच झाला, आणि परतला तेव्हा ताल चुकलेला. ग्रह असे रजेवर जात नाहीत.

पुढच्या अमावास्येला रोहिणी, याच जोडणीने. के-५ वर्ग आहे, म्हणजे पोलक्सहून थंड, निळं टोक आणखी खचलेलं दिसायला हवं.