डोळ्यांच्या साथीचा विषाणू शोधताना: माझा अनुभव

२०२३ च्या पावसाळ्यात सोलापुरात डोळ्यांची साथ आली, तेव्हा जो तो एकच विचारायचा, "विषाणू कुठला का असेना, औषध तर तेच ना?" औषधापुरतं ते खरंच आहे. अशा साथीत बहुतेकांचे डोळे आठवडाभरात आपोआप बरे होतात आणि अँटिबायोटिक ड्रॉप्सचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. तरीही प्रयोगशाळेत काम करणारी म्हणून मला त्या विषाणूचं नाव हवंच होतं.

त्याचं कारण जुनं आहे. १९६९ मध्ये घानात अशीच साथ उसळली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला अपोलोचंच नाव दिलं. १९७१ मध्ये ती मुंबईत पोचली. तिथे मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भलतंच पाहिलं: डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांच्या पायांतली ताकद गेली, पोलिओत जाते तशी. त्या प्रकारामागे होता एन्टेरोव्हायरस ७०. त्याचाच भाऊबंद असलेला कॉक्सॅकी ए-२४ चा उपप्रकार १९७० मध्ये सिंगापुरात सापडला. तोही डोळे तसेच लालभडक करतो, पण त्याच्यामुळे पाय लुळे पडणं फारच विरळा. तिसरा संशयित अ‍ॅडिनोव्हायरस. त्याचे काही प्रकार बुबुळावर ठिपके ठेवून जातात आणि महिनोन्‌महिने धूसर दिसतं. नुसता डोळा बघून या तिघांतला कोण, हे खात्रीने सांगता येत नाही.

सुरुवातीला ओपीडीतून घेतलेल्या नमुन्यांत फारसं काही निघेना. कारण उघड होतं. लोक आधी मेडिकलमधून ड्रॉप्स घेऊन टाकायचे आणि फरक पडला नाही की मग आमच्याकडे यायचे. तोवर चार-पाच दिवस उलटलेले असायचे आणि विषाणू ओसरलेला. नमुना पहिल्या दोन दिवसांतला हवा. मग पूर्व भागातल्या आशाताईंना गाठलं आणि सांगितलं, घरात एकाचे डोळे आलेत आणि दुसऱ्याचे आजच लाल व्हायला लागलेत, अशी घरं कळवा.

अशाच एका घरी, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. डावा डोळा आदल्या रात्रीपासून लाल. "वाळू टाकल्यागत होतंय बाई, उघडवत नाही," म्हणाल्या. आधी त्यांना हात धुवायला लावले, कारण तंबाखूचे हात सारखे डोळ्याकडे जात होते. खालची पापणी ओढली, तर पांढऱ्या भागावर रक्ताचे बारीक ठिपके उठलेले. पापणीच्या आतल्या बाजूने काडी हलकेच फिरवत नेली. चिपड नुसतं टिपून भागत नाही, आतल्या पेशी याव्या लागतात, कारण विषाणू पेशींत असतो. काडीही प्लास्टिकचीच लागते, लाकडी काडीने पीसीआर, म्हणजे विषाणू ओळखायची चाचणी, बिघडू शकते. खुणेवर काडी मोडून गुलाबी द्रावणाच्या नळीत टाकली, झाकण घट्ट केलं, नाव-वेळ लिहिली आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. मावशींच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, पण त्यांनी डोकं हलवलं नाही. अशी साथ देणाऱ्या माणसांमुळेच हे काम होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

पीसीआरची यंत्रं आणि सवय, दोन्ही कोविडने ठेवून दिलेली. अ‍ॅडिनोव्हायरस डीएनएचा, त्याची तपासणी सरळ होते. एन्टेरोव्हायरस आरएनएचा, म्हणून आधी आरएनएवरून डीएनए बनवावा लागतो. ताज्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस ठळक आला, अ‍ॅडिनो नाही. पण या चाचणीत फक्त घराणं कळतं. ७० की ए-२४, हे ठरवायला विषाणूच्या व्हीपी-१ या प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून ओळखीच्या विषाणूंशी ताडून बघावा लागतो. साधारण ७५ टक्क्यांहून जास्त जुळलं तर प्रकार तोच. त्यासाठी नमुने पुण्याला गेले.

निकाल येईपर्यंत डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांनी फॉलोअपच्या वहीत एक जादा रकाना आखला: पायांत मुंग्या, अशक्तपणा? मी स्वतः फोन करून विचारत होते. प्रत्येक "नाही बाई, ठीक आहे" ऐकून हायसं वाटायचं.

निकाल आला: कॉक्सॅकी ए-२४ चा उपप्रकार. त्या दिवसापासून लोकांना नेमकं सांगता यायला लागलं. या विषाणूची लक्षणं लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात; अ‍ॅडिनोला पाच ते बारा दिवस लागू शकतात. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाला लागण झाली असेल, तर एक-दोन दिवसांत कळून जातं. मावशींनी विचारलं, कारखान्यात विड्या द्यायला कधी जाऊ? म्हटलं, डोळ्यातलं पाणी आणि लाली पूर्ण थांबेपर्यंत दुसऱ्या कुणाला पाठवा. टॉवेल, उशी वेगळी ठेवा. हात साबणाने धुवा. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप्स तर अजिबात आणू नका.