संथ टेक्नोचा पहिला अल्बम पूर्ण करताना

टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार, म्हटले की बहुतेकांना मिनिटाला १२५ ते १४० ठोक्यांची लय आठवते. १९८० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी या संगीताचा पाया घातला, तेव्हापासून धावती गती ही त्याची ओळख झाली आहे. माझा पहिला अल्बम मात्र ९६ ते १०४ ठोक्यांच्या गतीत आहे आणि तो यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, घराच्या मागच्या खोलीत पूर्ण झाला. इतक्या संथ गतीत सगळा जीव दोन ठोक्यांमधल्या जागेत असतो. ही जागा जिवंत ठेवणे हेच या अल्बमचे मुख्य काम होते.

१३० च्या गतीला दोन किकमध्ये, म्हणजे ढोलाच्या मुख्य ठोक्यांमध्ये, अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असतो, तर १०० ला तो ६०० मिलिसेकंद होतो. आकड्यांत हा फरक लहान दिसतो. पण वेगवान ट्रॅकमध्ये जी उणीव पुढचा ठोका लगेच झाकून टाकतो, ती संथ ट्रॅकमध्ये पूर्ण उघडी पडते. सुरुवातीचा एक कच्चा ट्रॅक मी गावातील भजन मंडळाचे ज्येष्ठ खंजिरीवादक आबाजी यांना ऐकवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेमुळे आमच्याकडे खंजिरीचा कान फार तयार असतो. आबाजी शांतपणे ऐकून म्हणाले, "घाई कायले करतं, बाबू? थाप पडली का तिले गुंजू दे." त्यानंतर मी किकचा शेपटीकडचा नाद लांबवला, तो ट्रॅकच्या मूळ स्वराशी जुळवला आणि बेसला त्या नादाच्या मागून येऊ दिले. खंजिरीची थाप ओसरताना तिच्या चकत्या जशा किणकिणत राहतात, तसा एक बारीक धातूचा आवाज प्रत्येक किकमागे ठेवला आणि डिले (आवाजाची उशिरा येणारी पुनरावृत्ती) ४५० मिलिसेकंदांवर, म्हणजे १०० च्या गतीतील पाऊण मात्रेवर बांधला.

अल्बमचा बराचसा पोत जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, आला आहे. कापसाच्या हंगामात मालकांची परवानगी घेऊन मी तिथल्या रेच्यांचे, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, ध्वनिमुद्रण केले. रेच्यातील पाते इतक्या वेगाने हलते की कानाला सलग घरघर ऐकू येते. तेच मुद्रण चतुर्थांश वेगाने वाजवले की आवाज दोन सप्तके खाली उतरतो आणि घरघरीतून सुटे सुटे ठोके बाहेर येतात. यासाठी मुद्रण ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ९६ हजार नमुने घेऊन) करणे आवश्यक होते, कारण वेग चौपट घटवल्यावर नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या फायलीत साडेपाच किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि आवाज मातकट होतो. हे ठोके ऐकताना मला आजही रोमांच येतो. आमच्या भागाचे संगीत आमच्याच यंत्रात दडलेले होते.

ज्याला सायकेडेलिक, म्हणजे भान हरपवणारा, म्हणतात तो परिणाम मी चमत्कृतीच्या आवाजांतून शोधला नाही, तो असमान लांबीच्या आवर्तनांतून मिळाला. सोळा पायऱ्यांच्या (एक पायरी म्हणजे पाव मात्रा) तालावर सात पायऱ्यांची सुरावट फिरत ठेवली, तर दोन्हींची सम ११२ पायऱ्यांनंतर, १०० च्या गतीत सुमारे सतरा सेकंदांनी, पुन्हा एकत्र येते. तोवर ऐकणाऱ्याला तीच सुरावट सतत नव्या जागी भेटते. सुरावटींसाठी टीबी-३०३ या जुन्या बेस-सिंथेसायझर यंत्राच्या धर्तीचा सॉफ्टवेअर सिंथ वापरला, कारण त्यातील स्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, मींडेच्या जवळ जाते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्या यंत्रावर राग वाजवले होते, याचा मला मोठा आधार वाटत आला आहे.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, खोलीने बराच वेळ घेतला. भिंतींवर कापसाच्या जाड गाद्या लावल्याने वरच्या पट्टीतील प्रतिध्वनी निवळला. परंतु ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, तिला गादी अडवू शकत नाही. म्हणून बेसचे निर्णय मी हेडफोनवर घेतले आणि गावातील मंडपवाल्या भाऊंच्या मोठ्या स्पीकरवर, मोकळ्या आवारात तपासले. वीज जात असे, त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीवरच काम करण्याची सवय लागली.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या संस्करणात, आवाज दाबून मोठा करण्याचा मोह मी टाळला. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणते. त्यामुळे जास्त दाबलेला ट्रॅक तिथे नुसता खाली खेचला जातो आणि ठोक्यांमधली जागा मात्र कायमची भरून जाते. सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर थांबवली. वितरकाकडून प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक मिळाला, मुखपृष्ठ चौरस आकारात दिले आणि फायली रवाना झाल्या.

ट्रॅक एकमेकांत मिसळत जातात. एमपी३ करताना फायलीच्या टोकांना थोडी शांतता जोडली जाते आणि काही प्लेअरमध्ये तिथे खटका ऐकू येतो, म्हणून थेट विक्रीसाठी मी फ्लॅक फायली (ज्यांत आवाजातले काहीच गाळले जात नाही) ठेवल्या आहेत. ज्यांना अल्बम सलग ऐकायचा आहे त्यांनी त्याच घ्याव्यात आणि शक्य असेल तर मोठ्या स्पीकरवर ऐकाव्यात, कारण फोनच्या स्पीकरमधून किकचा तो लांबलेला नाद बाहेर येतच नाही.