एक नंबरची नोट, पण एक नंबर नाही

मंडळी, ठरलेलं लक्ष्य तेच आहे: १, ५, १०, २०, ५०, १०० आणि ५०० या प्रत्येक किमतीची एक तरी कोरी नोट, तिच्यावर छापलेला नंबर १०० च्या आत. मागच्या वेळी ५, १०, २० आणि ५० जमल्या होत्या. आता १०० ची आली आणि २० ची गेली.

नाशिकचा म्हटल्यावर लोकांना वाटतं, याला काय तोटा! १९२८ पासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. १९४८ मध्ये 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' अशी अक्षरं मारलेल्या नोटाही इथूनच गेल्या. पण प्रेसमधून नोट निघते ती सीलबंद. आधी रिझर्व्ह बँक, मग करन्सी चेस्ट (बँकेतली नोटांची तिजोरी), मग शाखा. आमच्या शाखेत येणारी गड्डी देवासच्या प्रेसची असेल, म्हैसूरच्या असेल, नाहीतर सालबोनीच्या. विहीर आपल्या अंगणात, पोहरा भलत्याच हातात.

१०० च्या नोटेसाठी शाखेतल्या कॅशियर मॅडमना दोन वर्षं सांगून ठेवलं होतं. मार्चमध्ये त्यांचा निरोप आला, "दादा, वरचीच गड्डी ठेवलीय, दहा हजार घेऊन या." धावत गेलो. पट्टी सोडली, तर वर चक्क ०००००१! आणि पट्टीवरच्या शिक्क्याची जांभळी शाई झिरपून थेट वॉटरमार्कच्या खिडकीत उतरलेली. सगळ्यात लहान नंबर गड्डीच्या तोंडाला असतो, म्हणून शाई, मळ, बोटांचे ठसे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. जुन्या नोटांचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये पिना मारणं बंद करायला सांगितलं, त्याआधीच्या नोटांना डावीकडे भोकं ठरलेलीच, वर गंजाचा डाग. तेव्हा अल्बममध्ये गेली ०००००२.

त्या गड्डीत ७ नंबर नव्हताच. त्याऐवजी स्टारवाली नोट, नंबर लांबचाच कुठला तरी. २००६ पासून छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी प्रीफिक्स (नंबराआधीची अक्षरं-आकडे) आणि नंबरच्या मध्ये तारा असलेली नोट घालतात. आपण ज्याच्या मागे धावतोय तो नंबर कदाचित प्रेसच्या बाहेरच पडला नसेल, हे डोक्यात ठेवा.

आता २० ची रड. एका प्रदर्शनात ०००००९ घेतली होती, जुन्या छपाईची, सगळे आकडे एकाच उंचीचे. परवा सहज यूव्ही दिव्याखाली धरली. नंबरची शाई चमकते, तशी चमकली. फक्त पहिल्या शून्याच्या पोटात कागदाचे तंतू उभे राहिलेले. भिंगातून पाहिलं, तर तो ८ होता! मधला आडवा भाग ब्लेडने खरवडून शून्य केलेला, नोटेवर नंबर छापलेल्या दोन्ही ठिकाणी. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "मी कुठे गॅरंटी दिली होती?" २०१५ पासून चढत्या आकाराचे आकडे आल्यावर असली खाडाखोड जरा अवघड झाली असावी, पण ८ चा शून्य तिथेही होऊ शकतो. दिवा आणि भिंग घेतल्याशिवाय प्रदर्शनात पाऊल टाकू नका.

सराफ बाजारात ७८६ विचारा, लगेच भाव सांगतात. ०००००९ म्हणा, "यात विशेष काय?" त्या मानाने अमेरिकेतले लोक अजब. पीसीजीएस या नाणी पारखून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने १९८६ मध्ये नाणी प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायला सुरुवात केली. त्या पहिल्या डब्यांत नाणं सैल बसतं आणि हलवलं की वाजतं, म्हणून नाव रॅटलर. आपल्या भाषेत खुळखुळाच! त्या डब्यांवरचे लहान नंबर जमवणारेही आहेत. मला ते पटत नाही. डबी फोडली की नंबर गेला. नोटेचा नंबर नोटेच्या अंगावर असतो.

राहिल्या १, ५०० आणि पुन्हा २०. एकच्या नोटेवर नंबर एकदाच, खाली उजवीकडे, काळ्या शाईत. २०१५ ची मिळाली तर उत्तम. मॅडमची जूनमध्ये सिन्नरला बदली झाली. परवा पेढे घेऊन जाऊन आलो.